वर मारा किंवा खाली, गोळी वरच लागते! डोंगरातल्या नेमबाजीचं गणित

एक कोडं घ्या. तुमच्याकडे रायफल आहे. सपाट मैदानावर ४०० मीटरवरच्या लक्ष्यावर ती अगदी अचूक लावून ठेवलेली आहे. मधोमध नेम धरला की गोळी मधोमध लागते. आता तेच लक्ष्य तेवढ्याच अंतरावर, पण समोरच्या कड्यावर ठेवलं. रायफल ३० अंश वर करून नेम धरायचा आहे. गोळी कुठे लागेल?

दुसरा प्रश्न. तुम्ही कड्यावर गेलात आणि लक्ष्य दरीत ठेवलं. अंतर तेच ४०० मीटर, रायफल ३० अंश खाली. आता गोळी कुठे लागेल?

बहुतेक जण सांगतात की वर मारताना गोळीला चढावं लागतं, म्हणून ती कमी पडेल, आणि खाली मारताना ती जास्त पुढे जाईल. उत्तराचा पहिला भाग साफ चुकीचा आहे. दुसरा भाग बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे. दोन्ही वेळा गोळी लक्ष्याच्या मध्यापेक्षा वर लागते, आणि तीही जवळजवळ सारखीच वर. म्हणून डोंगरात मारा वर असो की खाली, नेम थोडा खालीच धरावा लागतो.

हे असं का होतं, किती फरक पडतो आणि हा नियम कुठे अपुरा पडतो, ते सोप्या भाषेत पाहू.

आधी सपाट मैदान

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या खेळात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो फक्त १०.४ मिलिमीटर. पण एक गोष्ट नेमबाजाच्या बाजूची असते. अंतर ठरलेलं असतं आणि रेंज सपाट असते. गोळी किती खाली येणार हे दर वेळी तेच असतं, त्यामुळे दृश्यसाधन एकदा लावलं की काम झालं.

गोळी खाली का येते? कारण नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती पडायला लागते. हातातून सुटलेला दगड जसा पडतो, अगदी तशीच. तिचा पुढे जाण्याचा वेग प्रचंड असतो म्हणून ते पडणं डोळ्यांना दिसत नाही, इतकंच.

साधा हिशेब करू. हवेचा अडथळा थोडा वेळ विसरा. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला, तर ४०० मीटर जायला तिला अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे १२२ सेंटिमीटर खाली पडते. म्हणजे नळी थेट लक्ष्याकडे रोखली, तर गोळी लक्ष्याच्या सव्वा मीटर खाली जाईल.

म्हणून रायफलवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, अशी बसवतात की नजर लक्ष्यावर असताना नळी किंचित वर रोखलेली असते. हा 'किंचित' खरोखरच किंचित असतो, एका अंशाच्या काही भागाइतका. आपल्या उदाहरणात नळीला १२२ सेंटिमीटरची भरपाई आधीच दिलेली आहे. गोळी तेवढीच पडते आणि बरोबर मध्यात लागते. याला रायफल त्या अंतरावर 'झिरो' करणं म्हणतात.

पुढचा सगळा खेळ या १२२ सेंटिमीटरचा आहे.

सरळ आकाशात गोळी झाडली तर?

हा प्रयोग मनातल्या मनातच करायचा, प्रत्यक्षात कधीही नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच आणि ती जीव घेऊ शकते.

समजा नळी अगदी उभी, ९० अंशांत वर रोखली. गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढतंय, पण 'खाली' म्हणजे आता ज्या दिशेने ती आली त्याच दिशेने मागे. गोळीचा वेग कमी होईल, पण ती नळीच्या रेषेपासून डावीकडे, उजवीकडे, पुढे किंवा मागे सरकणार नाही. म्हणजे या वेळी भरपाई किती लागेल? शून्य.

पण आपल्या स्कोपमध्ये तर १२२ सेंटिमीटरची भरपाई आहे. ती आता विनाकारण शिल्लक राहिली. लक्ष्य डोक्यावर ४०० मीटर उंच असेल, तर गोळी त्याच्यापासून १२२ सेंटिमीटर बाजूने निघून जाईल.

आता सरळ खाली, खोल विहिरीत नेम धरल्याची कल्पना करा. इथेही तेच. गुरुत्वाकर्षण गोळीला तिच्याच मार्गावर पुढे ओढतंय, रेषेपासून बाजूला नेत नाही. भरपाई पुन्हा शून्य लागते.

म्हणजे सपाट मैदानावर पूर्ण भरपाई हवी, आणि सरळ वर किंवा सरळ खाली मारताना अजिबात नको. मग ३० किंवा ४५ अंशांत? साहजिकच मधली कुठली तरी. कोन जितका तीव्र, तितकी भरपाई कमी. आणि हे वर-खाली दोन्हीकडे सारखंच लागू होतं.

दहावीची त्रिकोणमिती इथे कामाला येते

'मधली' म्हणजे नेमकी किती, हे दहावीच्या पुस्तकातलं कोसाइन गुणोत्तर सांगतं. लगतची बाजू भागिले कर्ण, आठवतंय ना?

तुमच्यापासून लक्ष्यापर्यंतची तिरकी रेषा हा कर्ण. तुमच्या पायापासून लक्ष्याच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंतचं आडवं अंतर ही लगतची बाजू. ४०० मीटरची तिरकी रेषा ३० अंशांत असेल, तर आडवं अंतर भरतं सुमारे ३४६ मीटर. नेमबाजांचा जुना नियम सांगतो: डोंगरात तिरकं अंतर विसरा, आडवं अंतर धरा आणि सपाट मैदानावर तेवढ्या अंतराला जशी स्कोप लावाल तशी लावा.

यामागचं कारण असं. तिरक्या मार्गावरही गोळी अर्ध्या सेकंदात १२२ सेंटिमीटरच पडते. गुरुत्वाकर्षण डोंगर बघून सौम्य होत नाही. पण ते पडणं सरळ जमिनीकडे असतं आणि आपली नजरेची रेषा तिरकी असते. त्या पडण्याचा जो भाग नजरेच्या रेषेला काटकोनात येतो, तेवढाच नेम चुकवतो. उरलेला भाग गोळीला रेषेवरच थोडा मागे किंवा पुढे ढकलतो. काटकोनातला हा भाग म्हणजे १२२ गुणिले कोनाचा कोसाइन.

फरक किती पडतो?

आपल्याच उदाहरणातले आकडे पाहा. स्कोप सपाट मैदानावरच्या ४०० मीटरला लावलेली आहे आणि कोनाची दखल न घेता नेम मधोमध धरला आहे.

- १० अंश: कोसाइन ०.९८. गोळी सुमारे २ सेंटिमीटर वर लागते.
- १५ अंश: कोसाइन ०.९७. सुमारे ४ सेंटिमीटर वर.
- ३० अंश: कोसाइन ०.८७. सुमारे १६ सेंटिमीटर वर.
- ४५ अंश: कोसाइन ०.७१. सुमारे ३६ सेंटिमीटर वर.
- ६० अंश: कोसाइन ०.५. सुमारे ६१ सेंटिमीटर वर.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, १०-१५ अंशांपर्यंत फरक किरकोळ आहे. दोन, ३० अंशांच्या पुढे तो झपाट्याने वाढतो.

आणि हे झालं ४०० मीटरचं. अंतर वाढलं की मूळ घसरणच खूप वाढते, कारण गोळी जास्त वेळ हवेत राहते आणि हवेच्या अडथळ्यामुळे तिचा वेगही कमी होत जातो. ७.६२ मिलिमीटरच्या नेहमीच्या लांब पल्ल्याच्या रायफलीने ६०० मीटरवर, ३० अंशांत, कोन विसरून गोळी झाडली तर ती साधारण अर्धा मीटर वर जाते. अर्धा मीटर म्हणजे जवळपास एक हात. सरावासाठी लावलेली ३० सेंटिमीटरची पोलादी प्लेट असेल, तर गोळी तिला स्पर्शही न करता वरून निघून जाईल. नेमबाजाचा हात स्थिर होता, श्वास बरोबर धरला होता, घोडा हळुवार दाबला होता, तरीही नेम चुकला, कारण चूक हिशेबात होती.

खेळात याची किंमत एक गुण. डोंगरात लढणाऱ्या सैनिकासाठी ती फार मोठी असू शकते. परदेशात जिथे डोंगरी मेंढ्यांच्या किंवा रानबकऱ्यांच्या शिकारीला परवाना मिळतो, तिथे चुकलेल्या गोळीचा अर्थ जखमी होऊन कड्याकपारीत तडफडणारा प्राणी असा होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे हे गणित मुख्यतः सैन्य आणि सुरक्षा दलांच्याच उपयोगाचं.

मग आपल्याला उलट का वाटतं?

कारण आपला अनुभव दगड फेकण्याचा आहे, गोळीचा नाही.

झाडावरची कैरी पाडताना आपण दगड तिच्या बराच वर रोखून फेकतो आणि उंचावरच्या कैरीसाठी जोरही जास्त लावतो. तो अनुभव खोटा नाही. दगडाचा वेग कमी असतो, त्याला मोठी कमान घ्यावी लागते. चढावर फेकताना त्याचा बराचसा वेग वर जाण्यातच खर्च होतो, म्हणून तो खरंच कमी पडतो.

गोल्फमध्येही असंच होतं. तिथे अंतर मोजायच्या दुर्बिणीत चढ-उताराची सोय असते आणि चढावरच्या खड्ड्यासाठी ती अंतर वाढवून सांगते. रायफलसाठीची तशीच दुर्बीण मात्र चढावर अंतर घटवून सांगते. दोन्ही बरोबर आहेत. फरक कमानीचा आहे.

गोळीची कमान जवळजवळ सपाट असते. ६०० मीटरवर मारतानाही नळी नजरेच्या रेषेपेक्षा अर्धा अंशसुद्धा वर नसते. इतक्या सपाट मार्गालाच आपला कोसाइनचा नियम लागू होतो. दगड, गोल्फचा चेंडू किंवा उखळी तोफेचा उंच कमानीने जाणारा गोळा यांना तो लागू होत नाही. लांब पल्ल्याच्या तोफांसाठी चढ-उताराच्या दुरुस्तीचे वेगळे तक्ते असतात ते याच कारणाने.

वर आणि खाली अगदी सारखंच?

अगदी नाही, पण फरक फार लहान आहे. वर जाणाऱ्या गोळीला गुरुत्वाकर्षण किंचित मागे ओढतं आणि खाली जाणारीला किंचित पुढे ढकलतं. ३० अंशांच्या मार्गावर अर्ध्या सेकंदात हा परिणाम होतो सेकंदाला अडीच मीटर इतका. ८०० मीटरच्या वेगापुढे अडीच मीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून नेहमीच्या अंतरांवर वरची आणि खालची दुरुस्ती एकच धरली तरी चालतं. अगदी लांबच्या पल्ल्यावर मात्र संगणक हा फरकही हिशेबात घेतो.

नियम कुठे अपुरा पडतो?

आतापर्यंत आपण हवा विसरलो होतो. आता ती आठवायला हवी.

'आडवं अंतर धरा' या नियमात एक गडबड आहे. ६०० मीटरच्या तिरक्या मार्गाचं ३० अंशांत आडवं अंतर ५२० मीटर भरतं. पण गोळी हवेतून जाते पूर्ण ६०० मीटर. त्या शेवटच्या ८० मीटरमध्येही हवा तिला अडवत असते, तिचा वेग कमी करत असते. नियम मात्र असं समजतो की ते ८० मीटर जणू नव्हतेच. त्यामुळे लांब पल्ल्यावर तो गरजेपेक्षा जास्त कपात करतो आणि गोळी थोडी खाली लागते.

म्हणून दुसरी, जास्त चांगली रीत आहे. अंतराला नाही, तर स्कोपच्या दुरुस्तीला कोसाइनने गुणायचं. समजा एखाद्या रायफलीच्या तक्त्यात ६०० मीटरसाठी ५ मिलरेडियन आणि ५२० मीटरसाठी ४ मिलरेडियन दुरुस्ती दिली आहे. मिलरेडियन हे कोन मोजायचं लहान माप आहे. ६०० मीटरवर १ मिलरेडियन म्हणजे ६० सेंटिमीटर. पहिल्या रीतीने दुरुस्ती येते ४. दुसऱ्या रीतीने ५ गुणिले ०.८७, म्हणजे सुमारे ४.३. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं आणि अंतर जसजसं वाढतं तसतसं ते दुसऱ्या रीतीच्या जवळ सरकतं.

थोडक्यात, ३००-४०० मीटरपर्यंत पहिली रीत पुरते. त्यापुढे दुसरी वापरलेली बरी. आणखी लांब किंवा फारच तीव्र कोन असेल, तर बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरशिवाय पर्याय नाही.

वाऱ्याला कोसाइन लागू नाही

नवशिके इथे हमखास घोटाळा करतात. चढ-उतारासाठी अंतर कमी केलं म्हणून वाऱ्याची दुरुस्तीही त्याच कमी अंतरावरून काढतात. ते चूक आहे. वारा गोळीला तिच्या पूर्ण प्रवासात ढकलतो. ती ६०० मीटर हवेतून जात असेल, तर वाऱ्याचा हिशेब ६०० मीटरचाच करायचा, ५२० चा नाही.

शिवाय डोंगरात वारा सरळ आडवा असेलच असंही नाही. उन्हाने तापलेल्या उतारावरून तो वर चढतो, खिंडीत त्याचा वेग वाढतो. तुमच्या कानाशी जाणवणारा वारा आणि दरीच्या मध्यावरचा वारा यांत काहीच साम्य नसू शकतं.

डोळा फसवतो

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कोन किती आहे, हे कळणार कसं? डोळ्याने अंदाज घेऊन? अजिबात नको.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये याबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेकडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या लोकांना चढ किती अंशांचा वाटतो, असं विचारलं. ५ अंशांचा चढ लोकांना सुमारे २० अंशांचा वाटला आणि १० अंशांचा सुमारे ३० अंशांचा. आपल्या सगळ्यांचा मेंदू चढ वाढवून दाखवतो.

घरचं उदाहरण घ्या. कर्जतहून लोणावळ्याला जाताना बोरघाटात गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, इतका तो चढ अवघड. तिथला रेल्वेमार्गाचा सर्वांत तीव्र चढ आहे ३७ मीटरला १ मीटर. अंशांत सांगायचं तर फक्त दीड अंश! तुम्ही किती म्हणाला असता?

आता हीच चूक रायफलीमागे बसून केली तर? खरा कोन १० अंश, अंदाज ३० अंश. लागणारी कपात २ सेंटिमीटर आणि केलेली कपात १६ सेंटिमीटर. म्हणजे ४०० मीटरवर गोळी १४ सेंटिमीटर खाली लागली. काहीच दुरुस्ती केली नसती, तर चूक फक्त २ सेंटिमीटरची झाली असती. कोन मोजायला साधन नसेल आणि चढ बेताचा वाटत असेल, तर दुरुस्ती न करणंच जास्त सुरक्षित ठरतं, ते यामुळे.

म्हणून नेमबाज साधनं वापरतात. काही जण स्कोपच्या बाजूला एक छोटी चकती बसवतात. तिच्यावर अंशांऐवजी थेट कोसाइनचा आकडा दिसतो, म्हणजे डोक्यात त्रिकोणमिती करावी लागत नाही. आजच्या बहुतेक चांगल्या लेझर दुर्बिणी अंतर आणि कोन एकत्र मोजून दुरुस्त केलेलं अंतर दाखवतात.

इथेही एक सापळा आहे. दुर्बिणीने आधीच कपात करून आकडा दिला आणि नेमबाजाने सवयीने तो पुन्हा कोसाइनने गुणला, तर कपात दोनदा होते. ६०० चे ५२०, आणि ५२० चे पुन्हा ४५०. गोळी लक्ष्याच्या पायाशी धूळ उडवते. त्यामुळे आपली दुर्बीण कोणतं अंतर दाखवते, तिरकं की दुरुस्त केलेलं, हे आधीच नीट पाहून ठेवायला हवं. वाऱ्यासाठी तिरकं अंतर वेगळं लागतं, तेही विसरायचं नाही.

कारगिलच्या उंचीवर दुसरी अडचण

डोंगर म्हटलं की चढासोबत उंचीही येते, आणि उंचीवर हवा विरळ होते.

१९९९ च्या कारगिल युद्धातली नावं आठवा: पॉइंट ४५९०, पॉइंट ४८७५, पॉइंट ५१४०. हे आकडे म्हणजे त्या शिखरांची नकाशावरची मीटरमधली उंची. १३ जूनला भारतीय सैन्याने परत घेतलेलं तोलोलिंग आणि ४ जुलैला घेतलेलं टायगर हिल याच डोंगररांगेतले. खाली द्रास गाव आहे सुमारे ३,३०० मीटरवर. म्हणजे पायथ्याशी उभ्या असलेल्या जवानाच्या डोक्यावर एक-दीड किलोमीटरचा उभा कडा आणि त्यावर शत्रू. शेवटची चढाई बहुधा अगदी जवळून, ग्रेनेड आणि संगिनींनी झाली. तिथे कोसाइनचा प्रश्न येत नाही. पण एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर होणाऱ्या दूरच्या माऱ्याला मात्र कोन आणि उंची दोन्ही भिडतात.

५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असते. हवेचा अडथळा कमी, म्हणून गोळीचा वेग कमी घटतो, ती लवकर पोचते आणि कमी पडते. परिणाम काय? गोळी पुन्हा वरच लागते. मैदानात झिरो केलेली रायफल घेऊन थेट डोंगरात गेलात, तर तीव्र कोन आणि विरळ हवा या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने नेम चुकवतात. कडाक्याची थंडी थोडी उलट दिशेने ओढते. थंड हवा जास्त दाट असते आणि गार काडतुसातली दारू थोडा कमी वेग देते. पण हे हिशेब एकमेकांना आपोआप फेडतील, यावर कुणी विसंबू नये. म्हणूनच उंचावर पोचल्यावर रायफल पुन्हा झिरो करावी लागते.

विरळ हवेचा हा धडा भारतीय वायुसेनेलाही त्या युद्धात मिळाला. इतक्या उंचीवरच्या लक्ष्यांवर टाकलेले साधे बॉम्ब नेहमीच्या गणिताप्रमाणे जात नव्हते. पुढे २४ जून रोजी मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेझरने दिशा मिळणारे बॉम्ब वापरले, ते अचूक बसले. बोफोर्स तोफाही तिथे काही वेळा थेट लक्ष्य पाहून डागण्यात आल्या.

'उंचावर असलेल्याचा फायदा' असं आपण नेहमी म्हणतो. तो फायदा खरा आहे, पण त्यात गोळीच्या घसरणीचा वाटा जवळजवळ नाही. वरच्याला लांबचं दिसतं, दगडांचा आडोसा मिळतो आणि चढणाऱ्यासारखी धाप लागत नाही. कोसाइनची दुरुस्ती मात्र वरच्यालाही तितकीच करावी लागते जितकी खालच्याला. ती विसरला, तर त्याच्याही गोळ्या डोक्यावरून जातात.

मग आपल्या किल्ल्यांवरच्या जंग्यांचं काय?

गड फिरणाऱ्यांनी तटबंदीतल्या जंग्या पाहिल्या असतील. बंदुकीने मारा करण्यासाठी तटात ठेवलेली ती तिरकी भोकं, बरीचशी बाहेरच्या बाजूला खाली उतरत गेलेली. तटाखाली आलेल्या शत्रूवर तीव्र कोनात खाली मारा करण्याचीच ती सोय.

मग तिथल्या बंदूकधाऱ्यांना हे गणित लागत होतं का? नाही. कारण अंतर कमी होतं. गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला, तर ८० मीटरवर ती सुमारे २० सेंटिमीटर पडते. ४५ अंशांत कोसाइनमुळे पडणारा फरक येतो जेमतेम ६ सेंटिमीटर. तोड्याच्या बंदुकीची गोळी एरवीच याहून जास्त इकडेतिकडे जायची. कोन महत्त्वाचा ठरतो तो अंतर आणि तीव्रता दोन्ही मोठी असतात तेव्हाच.

थोडक्यात लक्षात ठेवा

- वर मारा किंवा खाली, सपाटीवर लावलेल्या रायफलीची गोळी लक्ष्याच्या वर लागते. म्हणून दुरुस्ती नेहमी कमी करायची.
- जवळच्या अंतरावर आडवं अंतर धरलं तरी पुरतं. लांब पल्ल्यावर स्कोपच्या दुरुस्तीलाच कोसाइनने गुणायचं.
- १०-१५ अंशांपर्यंत फरक किरकोळ, ३० अंशांपुढे मोठा.
- वाऱ्याचा हिशेब पूर्ण तिरक्या अंतराचा.
- कोन डोळ्याने ठरवायचा नाही, मोजायचा. आणि यंत्राने केलेली कपात पुन्हा करायची नाही.
- लक्ष्यामागे मोकळं आकाश असेल, तर गोळी झाडायचीच नाही. चुकलेली गोळी डोंगराच्या पलीकडे कुठे जाईल, याचा हिशेब कोणताच नियम देत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या सिनेमात नायक कड्यावरून खाली नेम धरताना दिसला, की मित्राला विचारून बघा: याने नेम वर धरावा की खाली? आणि तो दरीत उभा राहून वर मारत असता तर? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, हे ऐकून तो दोनदा विचार करेल.